दारातला बेडूक

बेडूक छत्री घेऊन येतो. दारापाशी थांबतो, छत्री मिटतो, झटकतो, भिंतीला टेकवून ठेवतो. ती पडते. तो पुन्हा टेकवून ठेवतो. मग गाल फुगवतो, घसा साफ करतो आणि दारावर थाप मारतो. दार सरकायला लागतं, बोटभर फट पडते, फटीत काळोख दिसतो आणि फिल्म संपते.

सगळं मिळून अर्धं मिनिट. हँडल हळू फिरवलं तर थोडं जास्त. हळू फिरवलं की बेडूक नुकताच कुणाला तरी पोचवून आल्यासारखा दिसतो, भरभर फिरवलं की ऑफिसला उशीर झाल्यासारखा. मी दोन्ही वेगांनी पाहिला आहे. मधल्या वेगांनीही पाहिला आहे. गेली काही वर्षं रविवारी दुपारी पडदे ओढून मी दुसरं काहीच केलेलं नाही. कोणी विचारलं तर 'थोडं वाचन चालू आहे' असं सांगायचं ठरवून ठेवलं आहे. कोणी विचारत नाही, हा भाग वेगळा.

ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. शंभरेक वर्षांपूर्वी आमच्याकडे, जपानात, हाताने काढलेल्या चित्रांच्या छोट्या फिल्मा निघत. थिएटरांतून फिरून फिरून त्या थकल्या, की दुकानदार कात्रीने त्यांचे तुकडे करत आणि पत्र्याच्या डबीत घालून पोरांना खेळायला विकत. हाताने फिरवायचा पत्र्याचा प्रोजेक्टरही मिळे. एका घरी गोष्टीची सुरुवात जाई, दुसऱ्या घरी मारामारी, तिसऱ्या घरी शेवट. पुढे भूकंप झाले, युद्ध झालं, आणि सगळ्यांत भयंकर म्हणजे आयांनी दर नववर्षाला घरं साफ केली. त्यातून जे वाचलं ते आता आमच्यासारख्यांकडे आहे. माझा तुकडा मी शितेन्नोजी देवळाच्या जत्रेत घेतला. विकणाऱ्याला डबी विकायची होती. फिल्म आत राहून गेली होती, म्हणून त्याने माझी माफीसुद्धा मागितली.

लोक विचारतात (म्हणजे विचारतील असं मी धरून चालतो) की यात एवढं आहे काय? आता हे कसं सांगायचं? हल्लीच्या चित्रपटांत गवताची प्रत्येक काडी वेगळी हलते. माझ्या बेडकाचं सगळंच हलतं, कारण चित्रं काढणाऱ्याचा हात हलत होता. मध्येच छत्री डाव्या हातातून उजव्या हातात जाते, आणि ती कधी गेली हे बेडकालाही कळत नाही. एका चौकटीत त्याला एक बोट जास्त आहे. एका चौकटीत तर कोपऱ्यात काळा डाग आहे. तो डाग नाही, काढणाऱ्याच्या अंगठ्याची सावली आहे. कागद वेळेवर सोडला नाही त्याने. त्या माणसाचं नाव कोणाला ठाऊक नाही, पण त्याचा अंगठा माझ्या घरी आहे. संग्राहकाचा आनंद हाच, की ही गोष्ट जगात दुसऱ्या कोणाकडे नाही. आणि त्याचं दुःख काय असं विचाराल, तर तेसुद्धा हेच.

मला जगाकडून फार काही नको होतं. ते दार कोणी उघडलं, एवढंच हवं होतं.

ओसाकात आमच्या संग्राहकांची एक मंडळी आहे. दर महिन्याला एका कॉफीच्या दुकानात आम्ही जमतो, एकमेकांच्या तुकड्यांची तोंडभरून स्तुती करतो आणि कोणीही आपला तुकडा दाखवत नाही. इवाकीसान आमचे अध्यक्ष. त्यांच्याकडे एका कोल्ह्याचं लग्न आहे, नवरीशिवाय. नवरी कोणाकडे आहे हे त्यांना माहीत आहे, पण त्या गृहस्थांशी ते बोलत नाहीत.

"सावामुरासान," इवाकीसान एकदा कॉफी ढवळत मला म्हणाले, "तुमच्या बेडकाचं ऐकून एक आठवलं. कोबेच्या पुढे, आकाशी गावात त्सुबोता म्हणून एक दाताचे डॉक्टर आहेत, निवृत्त. त्यांच्याकडे एक बेडूक आहे म्हणतात. बसलेला."

"बसलेला? कुठे?"

"आत."

आत!

"पण एक सांगतो," इवाकीसान खाली वाकून म्हणाले, "आपला तुकडा आधी दाखवायचा नाही. ज्याने आधी दाखवला तो संपला."

त्याच संध्याकाळी मी डॉक्टर त्सुबोतांना पत्र लिहिलं. ऋतूबद्दल अर्धं पान, त्यांच्या प्रकृतीबद्दल पाव पान, आणि शेवटी एका ओळीत बेडूक. आठवड्यात कार्ड आलं. अक्षर मोठं, सुबक. "बेडूक आहे. तुमचाच असावा. कधी आकाशीच्या जवळपास आलात, तर जरूर या."

मी कार्ड हातात घेऊन जिन्यात उभा असताना निशिवाकीसान खालून वर आल्या. निशिवाकीसान आमच्या गल्लीच्या मंडळाच्या प्रमुख. कचरा कुठल्या दिवशी कुठल्या पिशवीत टाकायचा इथपासून दुसऱ्याच्या पत्रात काय म्हटलंय इथपर्यंत सगळ्या बाबी त्या पाहतात. मूळच्या क्योतोच्या. म्हणजे शिष्टाचारात त्यांच्यापुढे अपील नाही.

"बघू," त्या म्हणाल्या. वाचलं. कार्ड दोन्ही हातांनी मला परत दिलं. "अरेरे."

"अरेरे का? या म्हणतात ते."

"अहो सावामुरासान, लहान आहात अजून. 'जवळपास आलात तर या' म्हणजे येऊ नका."

"मग यायचं असेल तर काय लिहितात?"

"यायचं असेल तर माणूस असं लिहीलच कशाला? वार लिहील, वेळ लिहील. आमच्या क्योतोत कोणी 'अजून एक कप चहा घ्या' म्हटलं, की पाहुणा चपला घालतो. आणि 'जवळपास' हा शब्द वापरलाय. म्हणजे मुद्दाम तर मुळीच येऊ नका."

"मग आता?"

"आता भेटवस्तू पाठवा. साधीच. 'तुमचा नकार पोचला' एवढं कळेल अशी."

मी ओसाकाची कडक तांदळाची चिक्की पाठवली. इथेच माझं गाडं चिखलात रुतलं, पण ते कळायला पुढे खूप दिवस गेले.

कोणी भेट दिली की निम्म्या किमतीची परतभेट द्यायची, एवढं आमच्याकडे दुधाचे दात पडायच्या आत कळतं. डॉक्टरांकडून सुकवलेला ऑक्टोपस आला. आख्खा. निम्मं नव्हे, दुप्पट. सोबत कार्ड: "चिक्की पावली. जवळपास आलात तर जरूर या."

"चिडलेत," निशिवाकीसान म्हणाल्या. "दुप्पट पाठवलंय. म्हणजे तुमची चिक्की त्यांना लागली."

मी उंची हिरवा चहा पाठवला. तिकडून समुद्री शेवाळाची पेटी आली. मी खरबूज पाठवलं, तेही साधं नाही, एका वेलावर एकच ठेवतात आणि मखमलीवर निजवून विकतात ते. तिकडून त्यांच्या बंदरातली तळहाताएवढी कोळंबी बर्फात आली. मी बीफ पाठवलं. तिकडून तांदळाचं पोतं आलं. प्रत्येकाबरोबर तेच कार्ड, तेच मोठं अक्षर. एका कार्डावर 'जरूर' दोनदा होतं.

"आता मात्र हाताबाहेर गेलं," निशिवाकीसान कोळंबीची साल काढत म्हणाल्या. (एकट्याला संपणार नाही म्हणून अर्धी मी त्यांना दिली होती. तिच्या बदल्यात त्यांनी मला मुळ्याचं लोणचं दिलं, त्याच्या बदल्यात मी त्यांना बल्ब बदलून दिला. हे एक स्वतंत्र युद्ध होतं.)

जेवणाचं म्हणाल तर मी राजासारखा जेवत होतो. कोळंबी, शेवाळ, नवा तांदूळ. फक्त राजे लोक एका बशीत वाढून, दाराशी टेकवलेल्या स्वतःच्या छत्रीकडे बघत जेवतात का, मला कल्पना नाही.

शेवटी ठरवलं, आपण जायचं नाही, बेडकालाच पाठवायचं. इवाकीसानांचा नियम मोडून माझा तुकडाच डॉक्टरांना पोस्टाने धाडायचा. एकदा दोन्ही तुकडे जोडून बघा म्हणायचं, आणि दार कोणी उघडलं तेवढं कळवा म्हणायचं.

पोस्टातल्या बाईंनी विचारलं, "आत काय आहे?"

मी खरं सांगितलं. आमच्या घराण्यातला हा दोष आहे.

"किती जुनी फिल्म?"

"शंभर वर्षांची असेल."

बाईंनी पाकीट खाली ठेवलं आणि खुर्ची मागे घेतली. त्या काळच्या फिल्मा पेट घेतात. पाण्याखालीही विझत नाहीत म्हणे. "ही धोकादायक वस्तू आहे," त्या अतिशय नम्रपणे म्हणाल्या, "कृपया ती आणि आपण अग्निशमन केंद्रात जावं."

अग्निशमन केंद्रात एक तरुण अधिकारी होता. त्याने जाड पुस्तक काढलं.

"किती किलो आहे?"

"लिंबाएवढं वजन असेल."

"मोठं लिंबू?"

"छोटं."

त्याने बराच वेळ पानं उलटली. "इतकं कमी असेल तर आमच्या नियमात ते नाहीच."

"म्हणजे बाळगायला हरकत नाही?"

"हरकत नाही असं मी म्हटलं नाही. ते नाही, असं म्हटलं."

"पण पोस्टाच्या नियमात ते आहे."

"पोस्टात असेल."

म्हणजे माझा बेडूक पोस्टात असतो, अग्निशमन केंद्रात नसतो. मी त्या अधिकाऱ्याला विचारलं, की मग मी आत्ता इथे हातात काय घेऊन उभा आहे? तो म्हणाला, याबद्दल तो वरिष्ठांना विचारेल. वरिष्ठ म्हणाले, आमच्या गल्लीच्या मंडळाला एक सावधगिरीचा फोन करा. त्याने निशिवाकीसानांना फोन केला.

दुसऱ्या दिवशी गल्लीत सूचनांची पाटी फिरली. ही पाटी घरोघर जाते, वाचली म्हणून आपला शिक्का मारायचा आणि शेजारी द्यायची. "दुसऱ्या मजल्यावरच्या एका रहिवाशाकडे," पाटीवर होतं, "स्फोटक बेडूक असल्याचं समजतं. घाबरू नये. संबंधित रहिवाशाचं मन दुखू नये म्हणून नाव दिलेलं नाही." दुसऱ्या मजल्यावर मी आणि फुजिएदा आजीआजोबा. आजोबा नव्वदीचे. गल्लीने तर्क केला. मीही वाचून शिक्का मारला आणि पाटी शेजारी दिली. दुसरं काय करणार?

माझ्या दाराबाहेर वाळूची लाल बादली आली. तिच्यावर माझं नाव. पुढच्या शनिवारी मंडळाने आगीची कवायत ठेवली, आणि मला आगीची भूमिका देण्यात आली. डोक्याला लाल टॉवेल बांधून मी जिन्याच्या तोंडाशी उभा राहिलो. समोर सगळी गल्ली बादल्या घेऊन रांगेत.

"आगीने इतकं हलू नये!" निशिवाकीसान भोंग्यातून म्हणाल्या. "आता जरा वाढा. हां. आता विझा."

मी विझलो. टाळ्या पडल्या. मग सगळ्यांनी जिन्यात बसून भाताचे गोळे खाल्ले. फुजिएदा आजी म्हणाल्या, "छान विझलात हो." कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्याने माझ्याकडे लोणच्याची वाटी सरकवली. इतकी वर्षं मी त्या इमारतीत राहतोय, पण तिथल्या माणसांबरोबर बसून खाण्याची माझी ती पहिलीच वेळ. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम खाली रेंगाळलो. पण आग लागलेली नसताना लोकांना माझ्याशी काय बोलावं हे सुचत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही.

आता माझ्या नोकरीबद्दल. माझी कंपनी लिफ्टमधल्या आरशांना लागणारे स्क्रू विकते. त्याबद्दल आणखी सांगण्यासारखं काही नाही. पण शरद ऋतूत आकाशीच्या एका हॉटेलातून तक्रार आली, की त्यांच्या लिफ्टचा आरसा थरथरतो आणि पाहुण्यांना आपण दोन दिसतो. साहेबांनी मला जायला सांगितलं.

आकाशीला! म्हणजे जवळपास. मुद्दाम नव्हे, निव्वळ कामासाठी, कंपनीच्या आदेशावरून, जवळपास. कार्डातली अट मी अक्षरशः पुरी करत होतो. आता गेलो नाही तर तोच उद्धटपणा. गेलो तरी उद्धटपणा, हे होतंच.

"जाऊ नका," निशिवाकीसान म्हणाल्या. "आरसा दुरुस्त करा आणि या."

"तसंच करणार आहे."

"मग डबा का नेताय? तुम्ही कधी डबा नेत नाही."

डब्यात बेडूक होता. रेल्वेच्या नियमात तो आहे की नाही हे मी विचारलंच नाही, कारण विचारल्यावर काय होतं ते मी पाहिलं होतं. निशिवाकीसानांनी डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आत गेल्या आणि एका छोट्या पिशवीत मूठभर वाळू बांधून आणली. "लोणचं समजा," म्हणाल्या.

गाडीत डबा मांडीवर घेऊन मी ताठ बसलो. शेजारच्या बाईंनी कोबेपर्यंत वाट पाहिली, मग न राहवून म्हणाल्या, "जेवून घ्या ना. संकोच करू नका."

"भूक नाही, धन्यवाद."

"बायकोने केलाय वाटतं? टाकवत नाही, खरं ना?"

मी मान हलवली. त्यांचे डोळे पाणावले. त्यांनी मला एक संत्रं दिलं, आणि परतभेट द्यायला माझ्याकडे फक्त वाळू होती.

आरशाचं काम झटपट झालं. स्क्रू आमच्या कंपनीचे नव्हतेच. त्या हॉटेलला मी स्क्रू विकले, म्हणजे कंपनीच्या दृष्टीने माझं आयुष्यातलं सर्वांत मोठं यश त्या दिवशी घडलं, पण माझं लक्ष डब्यात होतं.

डॉक्टरांचं घर मासळीबाजारामागच्या अरुंद गल्लीत आहे. गल्लीच्या तोंडाशी एक मासळीवाली बसली होती. मी पत्ता विचारला तशी ती माझ्याकडे निरखून पाहायला लागली.

"ओसाकाहून?"

"हो."

"खरबूज तुम्हीच का?"

मी अर्धवट वाकून कबूल केलं.

"अगं ए, खरबूज आलं!" ती आत ओरडली. शेजारच्या दुकानातून एक म्हातारी आली, मग एक सायकलवाला थांबला. सगळे मला वाकून नमस्कार करायला लागले. हळूहळू कळलं. डॉक्टरांना साखरेचा आजार. चिक्की, खरबूज, बीफ, जे जे मी पाठवलं ते सगळं त्यांनी गल्लीत वाटलं होतं. ही गल्ली गेले कित्येक महिने माझ्यावर जगत होती.

"चिक्की जरा कडक होती हं," मासळीवाली म्हणाली. "पण खरबूज काय होतं! आणि तुम्ही इतकं पाठवता, मग येत का नाही हो? तो रविवारी दुपारी पडदा लावतो, दोन आसनं मांडतो, आणि संध्याकाळी दोन्ही उचलून ठेवतो. आम्ही म्हटलं, ओसाकाची माणसं गर्विष्ठ असतात."

"ते औपचारिक आहे असं वाटलं मला. 'जवळपास आलात तर' असं लिहिलं होतं."

"मग? जवळपास आल्याशिवाय कसे येणार तुम्ही?"

याला मात्र निशिवाकीसानांकडेही उत्तर नसावं.

मी दारापाशी गेलो. टाय नीट केला. डबा डाव्या हातात घेतला, मग उजव्या. काय बोलायचं ते मनात जुळवलं: ऋतूबद्दल थोडं, अचानक आल्याबद्दल थोडं. मग पुन्हा टाय नीट केला.

"दाबा की बेल!" मासळीवाली मागून ओरडली. "मासे खराब व्हायला लागले माझे!"

दाबायची वेळच आली नाही. एवढ्या आरड्याओरड्याने दार आतून सरकलं. बुटका, टक्कल पडलेला, एप्रन घातलेला माणूस. दात मात्र इतके सुरेख, की आधी तेच दिसले.

"आकस्मिक येऊन आपल्याला अत्यंत त्रास…" मी कमरेत वाकलो.

"आकस्मिक?" डॉक्टर त्सुबोता म्हणाले. "वसंतापासून बोलावतोय मी. चला आत, चहा टाकलेला आहे."

आत एकच खोली. भिंतीला पांढरी चादर, खाली दोन आसनं. आज रविवार नव्हता, तरी होती. मला पाहून त्यांनी घाईने एक आसन पायाने जरा बाजूला सारलं, जणू ते सहज तिथे पडलं होतं. मीही पाहिलं नाही असं दाखवलं.

"मला वाटलं, तुम्हाला यायचं नाही," ते चहा ओतत म्हणाले. "म्हणून वस्तू पाठवताय. मी म्हटलं, वस्तू पाठवणाऱ्याला परत काही पाठवलं नाही तर तो कार्डही लिहायचं बंद करेल."

"मला वाटलं, तुम्ही चिडलात."

"चिडलेला माणूस कोळंबी पाठवतो?"

"आमच्या शेजारच्या बाई क्योतोच्या आहेत."

"ओहो," डॉक्टर म्हणाले, आणि सगळं समजल्यासारखी मान हलवली. "मी आवाजी बेटावरचा. आमच्याकडे 'या' म्हणजे या. बरं, कोणाचा आधी?"

इवाकीसानांचा नियम मला आठवला. मी डबा उघडला.

त्यांनी बेडूक दोन्ही हातांच्या बोटांत असा धरला, जसा कुणाचा तरी दात धरावा. यंत्रात चढवला. खिडकी बंद केली. चादरीवर बेडूक आला, छत्री मिटली, छत्री पडली. डॉक्टर खुदकन हसले. मी इतक्या वेळा तो पाहिला होता, पण दुसऱ्या कोणाला त्यावर हसताना ऐकलं नव्हतं. छत्री पडते ते विनोदी आहे, हे मला तेव्हा कळलं. घरी मला त्याचं वाईट वाटायचं.

थाप. फट. काळोख.

"थांबा, थांबा, हलू नका," डॉक्टर म्हणाले आणि आपला तुकडा चढवला. हँडल फिरलं.

खोली. बेडूक आसनावर बसलेला, ओल्या पायांची संकोचाने जुळवाजुळव करत. समोर एक रिकामं आसन. बेडूक इकडे पाहतो, तिकडे पाहतो. मग चादरीच्या उजव्या कडेतून एक पंजा येतो, फक्त पंजा. पंजा चहा ओततो. बेडूक झुकून नमस्कार करतो. पंजा निघून जातो. बेडूक कप उचलतो, आणि फिल्म संपते.

डॉक्टरांनी हँडल सोडलं.

"दार कोणी उघडलं?" मी विचारलं.

"तेच तर!" डॉक्टर गुडघ्यावर थाप मारून म्हणाले. "मला वाटलं ते तुमच्या तुकड्यात असेल! मी जन्मभर पंजा बघतोय. आलेला पाहुणा आहे, पंजा आहे, यजमान नाही. म्हटलं, दाराशी तरी दिसेल."

मधली जागा, दार उघडून कोणीतरी 'या' म्हणण्याची, कुठल्या तरी दुकानदाराच्या कात्रीत गेली होती. आणि रिकाम्या आसनावर पुढे कोण येऊन बसलं, ते तिसऱ्याच डबीत.

"मांजर आहे," डॉक्टर म्हणाले. "पंजा बघा."

"मांजर चहा कशाला ओतेल? रानकुत्रं आहे. तानुकी. बोटं आखूड आहेत."

"तानुकीची बोटं आखूड असतात हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"पुन्हा लावा."

पुन्हा लावलं. पुन्हा वाद घातला. डॉक्टर म्हणाले, असे पंजे त्यांनी काही रुग्णांचेही पाहिले आहेत. मी म्हणालो, कदाचित सशाची बायको. ते म्हणाले, सशाची बायको असा कप भरत नाही. सशाची बायको कप कसा भरते हे त्यांना कसं ठाऊक, असं मी विचारलं, आणि आम्ही दोघं इतके हसलो की मासळीवालीने बाहेरून विचारलं, "काय झालं?" तिलाही आत बोलावलं. तिने एकदा पाहिलं आणि म्हणाली, "माणूस आहे. मांजराचा मोजा घातलेला." हे आम्हाला दोघांनाही पटलं नाही.

दिवस उतरला. मला गाडी होती. मी डबा घेतला, पिशवीतली वाळू त्यांच्या यंत्राजवळ सुरक्षिततेसाठी ठेवून दिली, आणि आता पुन्हा यायला काही कारण उरलं नाही असं माझ्या लक्षात आलं. दोन्ही तुकडे पाहून झाले होते. जे कळायचं होतं ते कळणार नाही, हेही कळलं होतं.

दाराशी डॉक्टर म्हणाले, "जवळपास…" आणि थांबले. चष्मा काढला, पुसला, घातला. "रविवारी या," ते म्हणाले.

"बघतो," मी म्हणालो.

आमच्याकडे 'बघतो' म्हणजे नाही. हे त्यांनाही ठाऊक होतं. बेटावरच्या माणसालाही एवढं ठाऊक असतं. ते हसले. सगळे सुरेख दात दिसले.

मी चालायला लागलो. पाहुणा वळणाआड जाईपर्यंत यजमानाने दारात उभं राहायचं, आणि पाहुण्याने वळून वळून नमस्कार करायचा, ही आमची रीत. गल्ली लांब होती. मी वळलो, नमस्कार केला. त्यांनी केला. मी चार पावलं गेलो, वळलो. ते होतेच. एप्रनमध्ये, पुन्हा वाकलेले. मासळीवाली टोपल्या आवरत आमच्याकडे बघत होती. मी कोपऱ्यापर्यंत गेलो. आणखी एक पाऊल टाकलं असतं, तर त्यांना आत जायची मोकळीक मिळाली असती, आणि मलाही.

मी उलटा फिरलो आणि आख्खी गल्ली पुन्हा चालत गेलो. डॉक्टर इतके गोंधळले की वाकलेलेच राहिले.

"किती वाजता?" मी विचारलं.

"काय?"

"रविवारी. किती वाजता येऊ?"

त्यांनी आतल्या घड्याळाकडे पाहिलं, जणू रविवार तिथेच कुठेतरी लावलेला होता. "दहाला," ते म्हणाले. "आणि हे बघा, आता खरबूज नाही, चिक्की नाही, काही नाही. हात हलवत या."

आता ही नवीन भानगड. रिकाम्या हातांनी कोणाच्या घरी कसं जायचं हे मला आईने शिकवलेलं नाही, शाळेत शिकवलेलं नाही, कंपनीत तर नाहीच. निशिवाकीसानांना विचारण्यात अर्थ नाही. हात खिशात घालायचे की बाहेर ठेवायचे, दार उघडल्यावर त्यांचं काय करायचं, सगळं माझं मलाच ठरवायचं आहे. आज गुरुवार आहे.